पुट्टी मारण्याआधी कापलेले दाखवा : बेळगाव भागातील घरदुरुस्ती कंत्राटदारांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव शहर आणि तालुका, खानापूर, निपाणी व चिकोडी भागांत घरदुरुस्तीची कामे घेणारे सर्व कंत्राटदार, तसेच त्यांच्याकडे काम करणारे गवंडी, सुतार, प्लंबर आणि वायरमन यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी अनेकांना मी ओळखतो आणि काहींच्या वडिलांबरोबर मी कामही केले आहे, तेव्हा हे पत्र परक्याने लिहिले आहे असे समजू नये. माझे आयुष्य बांधकामाच्या नोकरीत गेले. आता निवृत्त झाल्यावर शेजारी, नातेवाईक आणि त्यांच्या ओळखीचे लोक "जरा आमची भिंत बघून जाता काय?" म्हणून बोलावतात. मी जातो तेव्हा काम बहुधा संपलेले असते. नवी फरशी बसलेली असते, भिंतींवर पुट्टी आणि रंग चढलेला असतो, कंत्राटदाराचे शेवटचे बिल भागवून झालेले असते आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघून छताकडे चाललेली असते. त्या भेगेच्या मागे काय आहे, असे विचारले तर घरमालकाला सांगता येत नाही, कारण त्याने ते पाहिलेलेच नसते. ज्याने पाहिले तो एव्हाना दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

घरदुरुस्ती करताना घराचा सांगाडा, म्हणजे लाकडी खांब, तुळई, भार घेणारी भिंत, काँक्रीटचा बीम किंवा कॉलम, कापला किंवा पोखरला जाणे ही आपल्या भागात इतकी रुळलेली गोष्ट झाली आहे की तिला कोणी नुकसान म्हणतच नाही. मला आपल्याकडे मुख्यतः एकच मागणे मागायचे आहे. सांगाड्याला हत्यार लावण्याआधी काय कापायचे आणि कशाला हात लावायचा नाही याची भिंतीवरच खूण करा, आणि कापल्यावर ती जागा झाकण्याआधी घरमालकाला दाखवा. पुढे जे लिहिले आहे ते याच मागणीची कारणे सांगण्यासाठी आहे.

शहापूरच्या एका गल्लीतील जुन्या विणकराच्या घराचे उदाहरण देतो. घर तीन खणांचे, कौलारू, मधल्या सोप्यात सागवानी खांबांची ओळ. मुलाचे लग्न ठरल्यामुळे माळ्यावर नवी खोली आणि संडास-बाथरूम करायचे ठरले होते. वरून येणारा चार इंची ड्रेनेजचा पाइप एका खांबाला लागून खाली आणायचा होता. खांब सहा इंच चौरस होता. पाइप भिंतीच्या बाहेर दिसला असता आणि टाइल्सची रेघ मोडली असती, म्हणून खांबाची जवळजवळ निम्मी जाडी कमरेपासून वर तुळईपर्यंत सरळ कापून काढली होती. मी पोहोचलो तेव्हा सुदैवाने प्लास्टर व्हायचे होते. इतक्या वर्षांच्या काळपट खांबाला आतून पिवळे, तेलकट, ताजे लाकूड दिसत होते, कटरच्या पात्याचे अर्धगोल ओरखडे त्यावर एकाखाली एक उमटले होते आणि कापाच्या कडेला सुताराच्या पेन्सिलीची रेघ अगदी ओळंब्यात होती. काम चुकून झालेले नव्हते, मापून झाले होते. वर पाहिले तर तुळईचा सांधा उघडून त्यात नख जाईल एवढी फट पडली होती आणि तिच्यातून माळ्यावरची माती सावकाश झरत होती. मेस्त्रींना विचारले तर उत्तर आले, "काय होत न्हाई ओ सर, असले किती खांब आम्ही कापलाव!"

त्या मेस्त्रींचा हात वाईट नव्हता, हे त्या सरळ रेघेवरूनच दिसत होते. त्यांना खांबातून भार कसा उतरतो हे कोणी सांगितलेले नव्हते, म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगतो. कौलारू घरात कौलांचा भार रिपांवर, रिपांचा वाशांवर, वाशांचा आढ्यावर आणि तुळयांवर, तुळयांचा खांबांवर आणि खांबांचा दगडी तळखड्यावर येतो. खांब अखंड असतो तोवर हा भार त्याच्या मध्यातून सरळ खाली उतरतो आणि सबंध लाकूड तो सारखा वाटून घेते. एका बाजूने निम्मी जाडी काढून टाकली की लाकूड निम्मे उरले, म्हणून ताण दुप्पट झाला, असा आपला समज असतो. पण वरचा भार पूर्वी जिथे होता तिथेच राहतो, आणि ती जागा आता उरलेल्या लाकडाची अगदी कड असते. भार जागचा हलत नाही असे धरून साधे गणित मांडले, तर कापलेल्या कडेवरचा दाब मूळच्या आठपट होतो आणि विरुद्ध बाजूचे लाकूड चक्क ओढले जाऊ लागते. ज्या खांबाने कधी ओढ सोसली नाही त्याला ती सोसावी लागते. जुना साग, नाणा किंवा ऐन हे लाकूड इतके दणकट असते की तरीही तो खांब त्या दिवशी पडत नाही, त्या वर्षीही पडत नाही. "काय होत नाही" हा समज टिकून राहण्याचे कारण हेच आहे.

तुळईची गोष्ट आणखी नाजूक आहे. आडव्या लाकडाची वाकण्याला विरोध करण्याची ताकद त्याच्या खोलीच्या, म्हणजे वरपासून खालपर्यंतच्या मापाच्या, वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे आठ इंच खोल तुळई पाइपासाठी खालून दोन इंच खाचली, तर त्या जागी तीन चतुर्थांश ताकद उरते असे वाटते, पण प्रत्यक्षात उरते ५६ टक्के. खाच खालच्या बाजूला असेल तर तिच्या कोपऱ्यातून लाकूड रेषेरेषेने लांबीच्या दिशेने चिरत जाते, ते वेगळेच. तोच पाइप लहान असेल आणि तुळईच्या खोलीच्या मध्यावर गोल भोक पाडून नेला, तर हानी त्या मानाने पुष्कळ कमी होते. कारण वाकताना सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या कडांवर असतो, मधल्या भागावर तो कमी असतो. अमेरिकेत, जिथे साध्या घरांच्या भिंतीही लाकडी फ्रेमच्या असतात, तिथल्या निवासी बांधकाम संहितेत याचे नियमच करून ठेवले आहेत. भार घेणाऱ्या उभ्या लाकडाला त्याच्या रुंदीच्या २५ टक्क्यांहून खोल खाच मारता येत नाही आणि ४० टक्क्यांहून मोठे भोक पाडता येत नाही. भार न घेणाऱ्या लाकडाला तीच मर्यादा अनुक्रमे ४० आणि ६० टक्के आहे. तिथेही प्लंबर आणि कंत्राटदार या मर्यादा मोडतातच, पण निदान मोडली की नाही हे टेप लावून कोणालाही ठरवता येते.

आपल्याकडे नियम नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. विटांच्या आणि दगडी भिंतींसाठी भारतीय मानक आयएस १९०५ आहे. भिंतीत उभी झिरी, म्हणजे पाइप किंवा वायर बसवण्यासाठीची खाच, मारायची असेल तर ती भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशाहून खोल नसावी, आडवी झिरी एकषष्ठांशाहून खोल नसावी आणि कुठलीही सलग आडवी झिरी एक मीटरपेक्षा लांब नसावी, असे त्यात स्पष्ट आहे. आडव्या झिऱ्या शक्यतो टाळाव्यात आणि पाइप, वायरिंग उभेच न्यावे, असेही त्यात म्हटले आहे. आता हे आपल्या नेहमीच्या कामाला लावून पाहा. नऊ इंची भिंतीत उभी झिरी साधारण तीन इंच आणि आडवी दीड इंचापर्यंत चालेल. साडेचार इंची भिंतीत आडव्या झिरीची मर्यादा १९ मिलिमीटर येते, म्हणजे वायरिंगचा नेहमीचा २० मिलिमीटरचा पाइपसुद्धा तिच्यात पूर्ण बसत नाही. असे असताना मी स्वयंपाकघराच्या साडेचार इंची भिंतीत या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओट्याच्या वर वीतभर उंचीवर, गरम आणि गार पाण्याचे दोन पाइप शेजारी शेजारी गाडलेले पाहिले आहेत. त्याच उंचीवर पलीकडच्या खोलीतून वायरमनने स्विचबोर्डाची चौकट खोदलेली होती. मध्ये जे उरले होते तिला भिंत म्हणण्यापेक्षा दोन प्लास्टरांमधला भुसा म्हणणे योग्य झाले असते.

खानापूर, नंदगड, जांबोटी या बाजूच्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरांबद्दल वेगळे सांगावे लागते. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत राहून कडक होतो, हे आपण सगळे जाणतो. पण हे कडकपण बहुतेक वरच्या थराचे असते. मशीनने झिरी मारली की तो थर जातो आणि आतला सच्छिद्र, पाणी ओढणारा भाग उघडा पडतो. त्यात बहुतेक जुन्या भिंती मातीच्या बांधणीतल्या असतात. पाइपाचा एक सांधा जरी पाझरला तरी पाणी चिऱ्यात मुरते आणि सांध्यातली माती विरघळते, आणि वरून सिमेंटचे घट्ट प्लास्टर असल्यामुळे ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. त्या भागातला पाऊस कसा असतो हे मी आपल्याला सांगायला नको. मे महिन्यात कौले उतरवून भिंती खोदायच्या, मग मजूर गावी गेले म्हणून काम लांबवायचे आणि पहिल्या वळिवात उघड्या झिऱ्यांवर ताडपत्री टाकायची, हा प्रकार आता थांबला पाहिजे. ऑगस्ट २०१९ च्या पावसात आणि महापुरात जिल्ह्यात हजारो घरे कोसळली. ऑक्टोबर २०२१ मध्ये बडाल अंकलगी गावात पावसाने भिजलेली भिंत कोसळून सात जण दगावले. त्या घटनेचा दोष मी कुणावर ठेवत नाही. मातीची भिंत भिजली की किती थोड्या निमित्ताने जाते, एवढेच त्यातून घ्यावे.

काँक्रीटच्या घरांत राहणाऱ्यांनी हे जुन्या घरांपुरते आहे असे समजू नये. टिळकवाडीतल्या एका फ्लॅटमध्ये एसीचा पाइप बाहेर काढण्यासाठी बीमला कॉलमच्या अगदी जवळ कोअर मारले होते, म्हणजे मशीनने आरपार गोल भोक पाडले होते. आत सळई लागली की मशीनचा आवाज बदलतो आणि पाणी काळपट येऊ लागते. मशीन चालवणाऱ्याला ते बरोबर कळले होते, कारण त्याने तिथून दोन इंच सरकून दुसरे भोक पाडले होते आणि पहिले पांढऱ्या सिमेंटने बुजवून टाकले होते. सळईला पाते लागले आहे हे त्या माणसाला माहीत होते, पण त्याने ते कोणाला सांगितले नाही. टाइल्स चिकटाव्यात म्हणून कॉलमला ब्रेकर मशीनने टोचे मारून हॅकिंग करण्याचीही अशीच तऱ्हा आहे. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे सळईवर ठरावीक जाडीचे काँक्रीटचे आवरण लागते, कॉलमच्या सळईवर ते साधारणपणे ४० मिलिमीटर असते. ब्रेकरचे टोक हे आवरण दोन फटक्यांत उडवते, सळयांभोवतीच्या रिंगा उघड्या पडतात आणि त्यावर चार-पाच वर्षे बाथरूमचे पाणी झिरपले की सळई गंजून फुगते. पुढच्या दुरुस्तीला येणारा कंत्राटदार तेव्हा "जुने काम बोगस होते" असे म्हणतो. तो कदाचित आपल्यापैकीच एक असेल.

सगळ्यांत धोक्याचे काम मात्र दुकानगाळ्याचे. रस्त्यावरच्या जुन्या घराची दर्शनी भिंत काढायची, तिथे शटर बसवायचे आणि वरचा भार एका लोखंडी गर्डरवर टाकायचा, हे शहरात ठिकठिकाणी चालू आहे. अनेक वेळा ही भिंत "पार्टिशनच हाय" असे बोटाने टकटक करून ठरवले जाते. भिंत भार घेते की नाही हे आवाजावरून कळत नाही. वरच्या मजल्यावर तिच्या डोक्यावर भिंत आहे काय, स्लॅब किंवा तुळया तिच्यावर टेकल्या आहेत काय आणि खाली पाया आहे काय, हे पाहून ते ठरवावे लागते. गर्डर घालायचा तर आधी दोन्ही बाजूंनी वरचा भार टेकूंवर घ्यावा लागतो, मग थोडी थोडी भिंत काढावी लागते, आणि गर्डरची टोके मातीच्या बांधणीवर नुसती न ठेवता खाली काँक्रीटचा ठोकळा घालून त्यावर पुरेशी टेकवावी लागतात. त्यातली पहिली पायरी वाचवली की एक दिवस वाचतो. बेळगाव भूकंपासंबंधीच्या आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येते. एका बाजूची भिंत काढून टाकलेले घर हादऱ्यात पिळवटते, हे कोणत्याही अभियंत्याला विचारून खात्री करून घ्यावी. कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३ यांच्या आठवणी या भागात अजून जुन्या झालेल्या नाहीत.

हे सगळे वाचून आपण म्हणाल की चूक कोणाकडूनही होते. ते मला मान्य आहे. कापले गेले तर त्यावर उपायही आहेत आणि ते फारसे महागही नसतात, फक्त वेळेत करावे लागतात. शहापूरच्या त्या घरात तुळईखाली दोन लोखंडी जॅक फळीवर लावून आधी भार उचलला, ड्रेनेजचा पाइप मागच्या भिंतीबाहेरून परसात उतरवला आणि कापलेल्या खांबाला नवे सागवान बसवून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट घालून तो जोडला. काम तीन दिवसांत झाले. प्लास्टर होऊन गेले असते तर हेच काम टाइल्स, वायरिंग आणि रंग यांच्यासह पुन्हा करावे लागले असते, किंवा अधिक खरे सांगायचे तर कोणाला ते कधी कळलेच नसते. म्हणून माझा रोख कापण्यापेक्षा झाकण्यावर अधिक आहे. कापणे ही कामातली चूक असू शकते. कापलेले आहे हे ठाऊक असून त्यावर पुट्टी ओढणे ही चूक नव्हे.

त्या घराच्या दुरुस्तीचा खर्च शेवटी घरमालकानेच केला. कंत्राटदार म्हणाले की खांब प्लंबरने कापायला सांगितला. प्लंबर म्हणाला की कापला सुताराने. सुतार रोजावर आलेला होता आणि तो पुन्हा आलाच नाही. ही साखळी आपल्या धंद्यात नवी नाही, पण कायद्यापुढे ती टिकत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. घरमालकाने ठराव ज्याच्याशी केला आणि पैसे ज्याला दिले, तो मुख्य कंत्राटदार आपल्या हाताखालच्या प्रत्येकाच्या कामाला जबाबदार असतो. पैसे घेऊन केलेले घराचे काम ही ग्राहक कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या प्रकरणात घरबांधणी ही सेवा ठरवली होती आणि २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत गृहबांधणीचा उल्लेख आहे. बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. पक्के बिल दिले नाही म्हणजे पुरावा राहिला नाही, असेही आता उरलेले नाही, कारण मोबाइलवरून केलेले पैशांचे व्यवहार आणि पाठवलेले फोटो पुराव्यात येतात. याशिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० प्रमाणे इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना ती पडून माणसांच्या जिवाला धोका होऊ नये एवढी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे न घेणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कोणी दगावले तर कलमे अधिक गंभीर होतात. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही. तरुण कंत्राटदारांना यातले काहीच ठाऊक नसते, असा अनुभव आल्यामुळे लिहितो आहे.

घरमालकांची बाजू मी धुतल्या तांदळासारखी मानतो असेही नाही. काम अर्ध्यावर आल्यावर स्वयंपाकघर इकडून तिकडे हलवा म्हणणारे, एकही पाइप दिसता कामा नये असा हट्ट धरणारे, अभियंत्याची फी वाचवून तेच पैसे फॉल्स सीलिंगच्या दिव्यांवर घालणारे आणि शेवटच्या हप्त्याला दहा खोड्या काढणारे लोक मी पाहिले आहेत. चौरस फुटाचा दर इतका खाली ओढायचा की कंत्राटदाराला टेकू लावण्याचा दिवस परवडू नये, आणि मग कामाच्या दर्जाबद्दल बोलायचे, हे न्याय्य नाही. त्यामुळे मी सुचवतो आहे ते दोघांनाही बांधील ठेवणारे आहे.

काम सुरू होण्याआधी एका कागदावर लिहावे की कोणत्या भिंती, खांब, तुळया आणि बीम यांना हात लावायचा नाही, पाइप आणि वायरिंग कोणत्या वाटेने जाईल, आणि ती वाट मध्येच बदलायची झाल्यास कोणाला विचारायचे. सांगाड्याला हात लागणार असेल तर अभियंता एकदा येऊन पाहून जाईल आणि त्याची फी घरमालक देईल, हेही त्यातच असावे. मग तोच कागद भिंतीवर उतरवावा. हात लावायचा नाही तिथे तांबड्या रंगाची मोठी फुली मारावी, झिरी मारायची तिथे निळी रेघ मारून शेजारी ती किती खोल मारायची याचा आकडा लिहावा. आज एकाच साइटवर मेस्त्री मराठी बोलतो, हेल्पर कन्नड बोलतो आणि टाइल्सवाला उत्तरेकडून आलेला असतो. तोंडी सूचना तिघांपर्यंत तीन वेगळ्या अर्थांनी पोहोचते. तांबडी फुली मात्र सगळ्यांना सारखीच कळते, आणि या जिल्ह्यात जिच्यावरून वाद होणार नाही अशी ही बहुधा एकमेव पाटी असेल.

झाकण्याआधीच्या पाहणीचेही तसेच. वायरिंग आणि प्लंबिंग संपल्यावर, प्लास्टरच्या आदल्या दिवशी, घरमालक आणि कंत्राटदार यांनी मिळून प्रत्येक भिंत पाहावी, प्रत्येक झिरीचा टेप लावून फोटो काढावा आणि दोघांनी तो ठेवावा. फुली असलेल्या जागी काही कापले गेले असेल तर काम तिथेच थांबावे, टेकू लावावा, अभियंत्याला बोलवावे आणि दुरुस्तीचा खर्च ज्याच्या माणसाने कापले त्याने सोसावा. घरमालकाच्याच सांगण्यावरून कापले असेल तर तसे लिहून घ्यावे, म्हणजे आपल्यावर खोटा आळ येणार नाही. शेवटी, सरकारी कामात दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामातले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत, संपेपर्यंत जशी ठेव अडकवून ठेवतात, तशी एकूण रकमेची पाच ते दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत घरमालकाकडे राहावी आणि ती कोणत्या तारखेला परत करायची हेही ठरावात लिहावे. त्या तारखेनंतर पैसे अडवणाऱ्या घरमालकाविरुद्ध मी आपल्या बाजूने उभा राहीन.

महानगरपालिका, निपाणीची नगरपालिका आणि खानापूरची पट्टण पंचायत यांना याच पत्रातून एक विनंती आहे. अशा ठरावाचा साधा एक पानी नमुना मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत तयार करून बांधकाम परवान्याच्या खिडकीवर ठेवावा. त्याला पैसा जवळजवळ लागत नाही. दुरुस्तीसाठी अंतर्गत तोडफोड होत असताना ती कोणाच्या नजरेखाली होते आहे एवढे तरी त्यातून नोंदले जाईल. गवंड्यांसाठी आणि प्लंबरसाठी वर्षातून एखादा दिवस शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्थापत्य विभागांनी प्रयोगशाळा उघडी ठेवली आणि निम्मा कापलेला खांब दाबून मोडून दाखवला, तर माझ्या या पत्रापेक्षा त्याचा उपयोग निश्चितच अधिक होईल.

एप्रिल-मे हे आपले कामाचे दिवस. या हंगामात आपण घेतलेल्या एखाद्या घरात फुल्या आणि रेघा मारून काम करून पाहावे आणि त्यात काय अडचणी आल्या ते मला कळवावे. ठरावाचा कच्चा मसुदा मी मराठीत लिहून ठेवला आहे. आपल्यातील कोणी जाणकार तो कन्नडमध्ये उतरवून देतील तर त्यांचा ऋणी राहीन. तो मसुदा मी कोणालाही विनामूल्य देईन आणि शक्य असेल तिथे प्लास्टरच्या आदल्या दिवशी पाहणीलाही येईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त बांधकाम अभियंता,
बेळगाव